मस्कत किती लांब

श्रावणातली सर आली तेव्हा मालनच्या हातात छत्री नव्हती, जगाचा नकाशा होता. मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. रत्नागिरीच्या राम आळीतून नवा नकाशा घेऊन निघाली आणि पावसाने गाठलं. एका दुकानाच्या वळचणीला ती उभी राहिली, तर शेजारच्या तरुणाने काही न विचारता अंगातला रेनकोट काढून नकाशाच्या गुंडाळीवर घातला.

"मी भिजतेय ते दिसलं नाही वाटतं," ती म्हणाली.

"तुम्ही वाळाल... जग विरघळलं तर मी परत कुठे जाऊ?"

हरिश्चंद्र जयगडचा. मस्कतला बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, गणपतीसाठी रजेवर आला होता. त्याने मस्कत दाखवायला सांगितलं. तिने नकाशा थोडासा उलगडला – मुंबईपासून बोटाच्या पेरावर! विमानाला तीन तासही लागत नाहीत, तो म्हणाला; रत्नागिरीहून मुंबई गाठायला मात्र एस.टी.त अख्खी रात्र हाडं खिळखिळी होतात.

त्यानंतर त्याची रत्नागिरीतली कामं फारच वाढली. संध्याकाळी मांडवीच्या बंदरावर दोघं बोलत बसत. तिची नजर वळली की तो घाईघाईने होड्यांकडे बघायचा, आणि ती मुद्दाम पुन्हा पुन्हा वळायची.

गणपती गेल्यावर तो आईला घेऊन मालनच्या घरी आला. कंपनीने बिऱ्हाड न्यायची परवानगी दिली होती. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, चहा पाजला आणि नकार दिला. मुलगा चांगला, घर चांगलं, पण समुद्रापलीकडे मुलगी द्यायची नाही. आजारी पडली तर धावून कोण जाणार?

हरिश्चंद्र खाली मान घालून म्हणाला, "तुमचं बरोबर आहे."

अण्णांच्या नकारापेक्षा हे तिला झोंबलं. ती माजघरातून बाहेर आली.

"अण्णा, काशीताईला आंजर्ल्याला दिलीत. आपल्याच जिल्ह्यात. बाळंतपणात ती तापाने फणफणली, तेव्हा तुम्ही कधी पोचलात?"

तेव्हा खाडीला उधाण होतं, तरीची होडी बंद होती, पुढची गाडी चुकली होती. अण्णा पोचले तिसऱ्या दिवशी. काशी वाचली ती नशिबाने.

"मस्कतहून मी त्याच्या आधी आले असते," मालन म्हणाली. मग ती हरिश्चंद्रकडे वळली. "आणि तुम्ही... माझ्या वतीने बरोबर म्हणायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला वाटलं, तुम्हाला इथून तोडून नेणं –"

"मला कुणी नेत नाही. यायचं तर मी येईन. पण आधी विचारा तरी."

त्याच्या आईने पदर तोंडाला लावला. हरिश्चंद्र उठून उभा राहिला. कान लाल झाले होते, पण आवाज स्थिर होता.

"याल?"

"येईन. शाळेचं वर्ष संपल्यावर. माझ्या मुलींना अर्ध्यावर टाकून नाही."

अण्णा अंगणातल्या माडाकडे बघत राहिले. मग मालनकडे न बघताच त्यांनी हरिश्चंद्रला विचारलं, "त्या विमानात म्हाताऱ्या माणसाला घेतात का?"

"घेतात की, अण्णा."

मालनने तोंड फिरवलं. डोळे भरून आले होते, आणि निदान आज तरी ते कुणाला दाखवायची तिची तयारी नव्हती.