चाळणीतून सुटलेला संदेश

२०४३ सालच्या त्या सकाळी श्रीरंग टिपणीस नाशिकच्या 'हाकारा' कंपनीच्या प्रयोगशाळेत शिरले, ते मोठ्या खुशीत. कचेऱ्यांतल्या आपसातल्या संदेशांसाठी त्यांनी काढलेली ही कंपनी दहा वर्षांत जगातली सर्वांत मोठी झाली होती. संध्याकाळच्या समारंभात 'माझ्या संदेशांनी कंपनी घडवली' हे त्यांना आकड्यांनिशी सांगायचं होतं. एरवी स्वतःविषयी बोलायला साहेबांना आकडे लागत नसत.

आकडे डॉ. नलिनी हुद्दार यांच्याकडे होते. कंपनीचं नशीब उघडणारी 'गरजचाळणी' त्यांनीच बांधली होती. तत्त्व साधं होतं. जो संदेश वाचून माणूस काही वेगळं करणार नाही, तो त्याला दाखवायचाच नाही. कोण कोणाचं ऐकून काय करतं, हे चाळणी जुन्या नोंदींवरून शिकत असे. पाठवणाऱ्याला मात्र 'पोचला' अशी खूण दिसे आणि 'नोंद घेतली' असं उत्तरही येई. कोणाचं मन दुखावू नये म्हणून ही सोय खुद्द टिपणीसांनीच सुचवली होती.

"वर्षभरात तुम्ही चार हजार एकशे बारा संदेश पाठवलेत," हुद्दारबाई म्हणाल्या. "पोचला एक."

टिपणीस खुर्ची ओढून बसले. बाई थट्टा करत असतील असं त्यांना वाटलं, पण बाईंनी आजवर कधी थट्टा केली नव्हती.

"तुमचा हुकूम आला की लोक दोन दिवस थांबायचे, सर. तोवर तुमचाच उलटा हुकूम यायचा. चाळणी तेच शिकली."

हे मला आधी का नाही कळवलं, असं त्यांनी विचारलं. बाईंनी तीनदा कळवलं होतं. पण ते वाचूनही साहेब काही बदलणार नाहीत, असा चाळणीचा अंदाज पडला होता.

मग बाईंनी तो एकमेव पोचलेला संदेश पडद्यावर आणला. 'ताप आहे, आज येत नाही.' त्या दिवशी साहेबांच्या सहीसाठी खोळंबून न राहता विभागप्रमुखांनी महिनाभराची कामं उरकली होती.

टिपणीसांच्या आता लक्षात आलं. वर्षभर आपण भिंतीशी बोलत होतो, आणि ती भिंत आपणच विकत होतो. त्यांनी लगेच सर्वांना लिहिलं, 'गरजचाळणी ताबडतोब बंद करा.' क्षणात सगळ्यांच्या नावांपुढे 'पोचला' उमटलं. काचेपलीकडच्या दालनात चारशे माणसं काम करत होती. एकाचीही मान वर झाली नाही. त्यांनी हुद्दारबाईंकडे पाहिलं. बाईही जागच्या हलल्या नव्हत्या.

मग त्यांनी आणखी एक संदेश लिहिला. रागाच्या भरात लिहिला की मनापासून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. 'उद्यापासून मी येणार नाही.'

चारशे माना एकदम वर झाल्या. दोघातिघांनी काचेकडे पाहिलं. मग सगळे पुन्हा कामाला लागले, आणि आता त्यांचे हात जास्त भराभर चालत होते.