शेवटची आठ घरं

संगीताची लिपी कॉम्प्युटरवर उतरवून देणं हे माझं काम. लोक हाताने लिहिलेली पानं पाठवतात, मी ती स्वच्छ करतो. हल्ली त्यांना ते ऐकायलाही हवं असतं, तेही खऱ्या वाद्यासारखं. कॉम्प्युटर प्रत्येक सूर अगदी वेळेवर वाजवतो, म्हणूनच तो खोटा वाटतो. मग मी एखादा सूर किंचित उशिरा आणतो, एखादा दबका करतो. बासरी असेल तर ओळींच्या मध्ये श्वास घालतो. श्वासांचे तयार आवाज मिळतात. माझ्याकडे पस्तीस आहेत.

बायको जाऊन सात महिने झाले, तेव्हा मी तिची रचना उतरवायला घेतली. ती बासरी वाजवायची. आयुष्यात तिने एवढी एकच रचना लिहिली. कागदावर उभ्या रेघांनी सुरांची घरं पाडलेली असतात. शेवटची आठ घरं एका श्वासात वाजवायची, असं तिनेच पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. ते तिला कधीच जमलं नाही. पाचव्या घरात दम संपायचा. पुढे फुप्फुसं थकली, तेव्हा तिसऱ्यातच. रेकॉर्डिंग करू द्यायची नाही. "जमल्यावर कर," म्हणायची.

मी तिच्या खुणांप्रमाणे श्वास घातले. शेवटच्या आठ घरांत एकही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऐकायला बसलो, तर पाचव्या घरात श्वास आला. घाईचा, शेवटी बारीक शिट्टी असलेला. फाईलमध्ये तिथे काहीच नव्हतं. पस्तीसही आवाज एकेक करून ऐकले, त्यांत हा नव्हता. बासरीची ओळ बंद केली. सूर गेले, श्वास राहिला.

भीती वाटली नाही. उत्सुकता वाटली. मी रोज एकदा ऐकून वहीत जागा लिहू लागलो. तीन दिवसांनी तो पाचव्या घराच्या टोकाला सरकला. आठवड्याने सहाव्यात. मग दोन दिवस पुन्हा मागे. मशीन बिघडलं तर असं बिघडत नाही. रियाज करणाऱ्या माणसाचं असं होतं.

मग मी आगाऊपणा केला. तिला सोपं जावं म्हणून त्या आठ घरांची लय थोडी वाढवली. दिवसभर हेच करतो, हात आपोआप गेला.

श्वास बंद झाला. आठ दिवस नुसतं मशीन वाजत होतं. पियानोवर साथ करताना मी अशीच लय वाढवायचो, तेव्हा ती वाजवणं थांबवून माझ्याकडे बघत राहायची. मी लय होती तशी केली. दुसऱ्या दिवशी श्वास आला, पण तिसऱ्या घरात. पुन्हा पहिल्यापासून.

महिन्याभराने मेहुणीला बोलावलं. ती बासरी शिकवते. तिला काही सांगितलं नाही.

"भाऊजी, खिडक्या उघडायच्या असतात, माहीत आहे ना?" म्हणत ती बसली. मी फाईल लावली.

सातव्या घरात श्वास आला, तसं तिने माझं मनगट धरलं.

"हे रेकॉर्डिंग कधीचं?"

"रेकॉर्डिंग नाही. कॉम्प्युटर आहे."

"मला शिकवू नका. ताईचा श्वास आहे हा. शिट्टी वाजायची तिची, मी कुकर म्हणून चिडवायचे."

मी वही पुढे केली. तिने सगळी पानं वाचली. मला वाटलं, आता रडेल. पण ती शिकवणीत बोलते तशी म्हणाली, "खांदे उचलते अजून. म्हणून दम जातो." मग स्क्रीनकडे बघून, हळू आवाजात, "ताई, खांदे खाली."

मला म्हणाली, "पुन्हा लावा."

पाचवं घर गेलं.

सहावं.

सातवं.

आठव्यातला सूर बारीक होत होत संपला. मी तो असा संपवला नव्हता.

स्क्रीनवरची रेघ टोकाला येऊन थांबली.

मग श्वास आला. घाई नव्हती. सावकाश, पोटभर घेतलेला, पुढे काही मोठं वाजवायचं असल्यासारखा.

आम्ही थांबलो. पुढे पान नव्हतं.

"सोडत का नाही?" मेहुणी म्हणाली.

त्याला अकरा दिवस झाले. मी रोज ऐकतो. आठही घरं सलग वाजतात, मध्ये काही नाही, शेवटीही नाही. घेतलेला तो श्वास तिने अजून सोडलेला नाही.