दानपत्राचं दुसरं पान

भिंतीवर फ्रेमएवढा पांढरा चौकोन.

टेबलावर काळ्या टेपची पट्टी. तिच्यावर रांगेत चिकटवलेले चार स्क्रू.

चौदा महिने न उघडलेला पडदा.

तीन वाजताची सुनावणी.

मेकअपवाल्या मावशी ऑफिसात आल्या तेव्हा सव्वाबारा झाले होते. कलाकेंद्राच्या सेक्रेटरी खुर्चीत कोसळल्यासारख्या बसल्या होत्या.

“दानपत्र गेलं, मावशी. ते दाखवलं नाही तर नगरपालिका आज जागा घेणार. चाळीस वर्षांचं केंद्र.”

“नक्कल?”

“नोंदणी कचेरी पुरात गेली. हे एकच होतं.”

मावशींनी डोअरकीपरला गाठलं.

“ऑफिसची किल्ली?”

“खिळ्यावर. सगळ्यांना ठाऊक आहे.”

“दानपत्र वाचलंस कधी?”

“रोज. एक पान, खाली सही. पाठ आहे, म्हणून दाखवू?”

“नको बाबा. तीन वाजायचेत.”

लाईटवाला शिडीवर होता.

“चोर शोधताय? आधी माझी पक्कड शोधून द्या.”

“तू वाचलंस दानपत्र?”

“दोन पानं कायद्याची भाषा. कोण वाचत बसतंय.”

मावशी शिडीच्या खालच्या पायरीवर बसल्या.

“खाली ये. अंधारात हरवू नयेत म्हणून स्क्रू टेपवर लावायची खोड तुम्हा लाईटवाल्यांचीच. पण तेवढ्यावरून तुला धरलं नसतं. काचेतून सगळ्यांना एकच पान दिसायचं. मागे दुसरं आहे, हे फ्रेम उघडणाऱ्यालाच कळणार. गेल्या वर्षी वायरिंग तपासायला ती उतरवली कुणी?”

तो उतरला. हात पुसत राहिला.

“वर्षभर प्रयोग झाला नाही तर जागा दान देणाऱ्या बाईंच्या वारसांना परत, असं होतं मागच्या पानावर. आणि वायरिंग धोक्याचं आहे म्हणून मीच लिहून दिलेलं. माझ्या सहीनं हॉल बंद पडला, मावशी.”

“म्हणून दडवलंस?”

“नगरपालिकेशी भांडता येईल. वारस उभे राहिले तर कशाच्या जोरावर भांडायचं?”

“आण तो कागद. वकील बघेल काय ते.”

“सकाळीच जाळला.”

दारात सेक्रेटरी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मग त्या रिकामी फाईल काखेत मारून सुनावणीला निघाल्या.

दान देणाऱ्या बाई बावीस वर्षांपूर्वी वारल्या. त्यांना वारस नव्हता.