चौथा गडी आणि सावरीची उशी

युजीनकाकांचा डावा हात दंडात मोडला, त्याचा सगळ्यात मोठा फायदा हिरामणकाकांना होता. गास गावच्या त्या आळीत पत्त्यांना चौथा गडी मिळत नव्हता; आता तो महिनाभर घरबसल्या मिळणार होता. तोटा आळीतल्या मर्विन, लिडिया आणि हिरामणकाकांच्या मुलीचा, स्वप्नाचा. दर मे महिन्यात युजीनकाका मुलांना वाडीतल्या बावखलात, म्हणजे पायऱ्यांच्या तळ्यात, पोहायला शिकवत. यंदा त्याच बावखलाच्या शेवाळलेल्या पायरीवरून ते घसरले होते.

माणिकपूरच्या डॉक्टरीणबाईंनी दंडापासून मनगटापर्यंत प्लास्टर घातलं, मनगट पट्ट्याने गळ्यात अडकवलं आणि बजावलं, "कोपर लोंबतं ठेवा. प्लास्टरच्या वजनानेच हाड सरळ येईल. झोपायचंही बसून. टेकू अजिबात नको."

आठवड्याने एक्स-रे काढला, तर हाड वाकडं.

"कोपराला कुठेतरी टेकू लागतोय," बाई म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी असंच दिसलं, तर ऑपरेशन."

"देवाशपथ, खुर्चीच्या हातालासुद्धा लावलं नाही," युजीनकाका म्हणाले. चेहरा खरं बोलणाऱ्याचा होता. त्यांचा पुतण्या मर्विन म्हणूनच चक्रावला. काका भिंतीला पाठ लावून झोपतात, हे तो रोज बघत होता.

लिडियाची नजर प्लास्टरवर गेली. कोपरापाशी रेशमासारखा पांढरा तंतू चिकटला होता. "हा दवाखान्यातला कापूस नव्हे. सावरीचा आहे."

स्वप्नाने तो चिमटीत धरून उजेडात नेला.

"ओळखतेस?" लिडियाने विचारलं.

"आमच्या बाबांच्या उसवलेल्या उशीचा आहे," ती म्हणाली. "बाबा रोज दुपारी ती घेऊन कुठे जातात, ते आज कळलं."

दुपारी तिघं युजीनकाकांच्या खिडकीखाली दबा धरून बसली. आत पानं वाटली गेली. हिरामणकाकांनी मायेने उशी पुढे सरकवली. "ठेव कोपर. पानं धरायला हात नको?"

"काका, टेकू!" मर्विन ओरडला.

"टेकू कसला? उशी आहे रे, मऊ."

"हाडाला मऊ-कडक कळत नाही," लिडिया म्हणाली.

नुसती उशी काढली, तर बाबा उद्या दुसरी आणतील, हे स्वप्नाला ठाऊक होतं. तिने वाडीतून आणून केळीच्या खांबाचा वीतभर तुकडा टेबलावर ठेवला, मधोमध चीर दिलेला. "पानं यात खोचा. उजवा हात खेळेल, डावा लोंबेल. आणि बाबा, तुमची उशी महिनाभर जप्त."

"मुलगी माझी की वकील?" हिरामणकाका पुटपुटले.

सोमवारी हाड रेषेत आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिघांना एक्स-रे उजेडात धरून दाखवला. "हे काम तुमचं. मला तो कापूस दिसला नव्हता."

मग उरलेला मे महिना हिरामणकाका मुलांना धरून छातीभर पाण्यात उभे राहिले. वरच्या कोरड्या पायरीवरून, कोपर लोंबतं ठेवून, युजीनकाका सांगत, "हिरामण, पोराला सोड आता. टेकू नको."

आता ते बावखल बुजलंय. त्यावर सात मजले उभे आहेत. तिथून जाताना मर्विनच्या नाकात अजून शेवाळाचा वास येतो.

त्या सुट्टीत हात वाचला, पोहणं वाचलं, डावही चालू राहिला. किंमत मोजली एकट्या हिरामणकाकांनी: ते महिनाभर बिनउशीचे झोपले.