घाटात गेलेले दिवे

लाइट येईस्तोवर ऐका, पोरांनो. खोटं वाटलं तर तौफिकला विचारा, पण दिवसा विचारा. रात्री तो यावर बोलत नाही.

तौफिक म्हणजे गाड्यांची वायरिंग करणारा आपला मिस्तरी. दोन-तीन वर्षांमागं पौषात दौलताबादच्या नानासाहेबांनी त्याला घरी बोलावलं. त्यांची जुनी फियाट बारा वर्षं शेडमध्ये उभी होती. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या, उरलेल्या हात लावला की मोडायच्या. सगळी वायरिंग नव्यानं करायची होती.

"एक बी तार जुनी ठेवू नको, बाबा," नानासाहेब म्हणाले. "बारा वर्षांमागं वेरूळहून येताना घाटात हिचे दिवे गेले. माझी बायको लक्ष्मी म्हणली, तुम्ही बघा, मी मागच्या गाड्यांना हात दाखवते. हिरव्या लुगड्यात उतरली आन्... ट्रकनं उडवली. दिवे नीट असते तर ती उतरलीच नसती. एकदा त्या रस्त्यानं दिवे लावून जायचंय. मग मी मरायला मोकळा."

"नाय ठेवत, नानासाहेब. बिनघोर राहा."

पण तौफिकच्या उस्तादांची एक रीत होती. जुन्या गाडीतली सगळी तार काढायची नाही, वीतभर ठेवायची, म्हणजे गाडी नव्या तारेवर रुसत नाही. तौफिकनं आजवर प्रत्येक गाडीत ती पाळलेली. इथंही पाळली. डॅशबोर्डखाली, चालवणाऱ्याच्या शेजारच्या बाजूला, पुढच्या दिव्यांच्या वायरीत एक जुना तुकडा तसाच जोडला आणि वरून काळी टेप मारली. एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय, असं त्याला वाटलं. म्हाताऱ्याला काही बोलला नाही.

काम संपलं ती शनिवारची अमावस्या. तौफिक म्हणाला, उद्या जाऊ. म्हातारा ऐकेना. लक्ष्मीबाई गेल्या तीही पौषातलीच अमावस्या होती.

जेवणं झाल्यावर दोघं निघाले. नानासाहेब स्टीअरिंगवर, तौफिक मागं. पुढं बस असं ते म्हणाले नाहीत, त्यानंही विचारलं नाही. दिवे इतके लख्ख पडले की म्हातारा चक्क हसला. किल्ला मागं राहिला. घाट सुरू झाला.

तेच वळण आलं.

दिवे गेले.

नानासाहेबांनी ब्रेक दाबला. गाडी भर रस्त्यात उभी. हाताला हात दिसेना. कुठं काय तुटलंय, ते एकट्या तौफिकलाच ठाऊक होतं. तो पुढच्या सीटवरून वाकला. हात पोचेना.

वरून ट्रक उतरत होता. रस्त्याच्या मधोमध.

नानासाहेब जागचे हलले नाहीत. शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघून एवढंच म्हणाले,

"लक्ष्मी... उतरू नको."



मग डॅशबोर्डखाली खुडबुड झाली. बांगड्या वाजल्या...

ट्रकचा उजेड आत आला. सीट रिकामी होती.

बांगड्या वाजतच होत्या.

आणि दिवे लागले. ट्रकवाल्यानं करकचून वळवलं. घासून गेला... पण गेला.

रडत रडत तौफिकनं तारेचं सगळं सांगून टाकलं. पाय धरायला गेला.

नानासाहेब रागावले नाहीत. डोळे पुसले आणि म्हणाले, "आज ती उतरली नाय, बाबा."

पुढं दोघं वेरूळपर्यंत गेले आणि दिवे लावूनच घरी परतले.

उजाडल्यावर तौफिक तो तुकडा काढायला डॅशबोर्डखाली शिरला. त्याची काळी टेप खाली पडली होती. जोडावर हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी होती, गच्च गाठ मारून बांधलेली. दातानं फाडलेलं तिचं टोक...

अजून ओलं होतं.