टाइमशेअर नको, काकू!

"जोडपं असेल तरच किटली मिळते, काकू," मी सांगितलं.

काकूंनी भेटवस्तूचं कूपन माझ्या टेबलावर ठेवलं. शेजारच्या उंच मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा माझा धाकटा. बिनलग्नाचा आहे. तू बस त्याच्या शेजारी. झालं जोडपं! आण किटली."

तो कानापर्यंत लाल झाला. मला हसू आवरेना… आणि खरं सांगते, तिथंच माझं बिनसलं.

कारण त्या दिवशी हसणं मला परवडणारं नव्हतं. टाइमशेअर विकायच्या या नोकरीत माझे तीन महिने भरत आले होते. शनिवारपर्यंत एक तरी सभासद केला तर कायम, नाहीतर घरी.

मी दोघांना बसवलं, आल्बम उघडला. तळ्याकाठचं घर, वर्षातला एक आठवडा तुमचा, सलग पंचवीस वर्षं. काकू हरखल्याच. "माझा थोरला जहाजावर आचारी आहे आणि हा आगीच्या बंबावर. चार वर्षांत दोघं एका टेबलावर जेवले नाहीत गं. हक्काचं घर असलं म्हणजे येतील झक मारत!" आणि त्यांनी चक्क पेन मागितलं.

माझं काम फत्ते झालं होतं. मी फॉर्म पुढे सरकवला आणि सवयीनं त्याला विचारलं, "सुट्टी कधी असते तुम्हाला?"

"चिठ्ठीत निघेल तेव्हा," तो म्हणाला. "सगळे एकदम सुट्टी मागतात ना… म्हणून आम्ही महिनाभर आधी डब्यात चिठ्ठ्या टाकतो. गेल्या वर्षी माझी निघाली, तेव्हा दादा भर समुद्रात."

"आणि दादा कधी उतरतात?"

"जहाज सांगेल तेव्हा."

मी आल्बमकडे बघितलं. तळ्याकाठचा आठवडा वर्षभर आधी ठरवावा लागायचा. त्या घराच्या ओसरीत एकट्याच बसलेल्या काकू मला दिसायला लागल्या, दरवर्षी देखभालीचे पैसे भरून.

"टाइमशेअर नको तुम्हाला, काकू," माझ्या तोंडून निघून गेलं.

पेन थांबलं. "का गं?"

"ज्यांच्या सुट्ट्या आधीपासून ठरलेल्या असतात, दरवर्षी त्याच जागी जायला आवडतं, त्यांना हे छान. तुम्ही या दोघांच्या तारखा जुळल्या की घर भाड्यानं घ्या. हॉटेलही नको, तिघं तीन खोल्यांत दारं लावून बसाल. स्वयंपाकघर असलेलं घर बघा. दादांना रांधू द्या."

"दादा सुट्टीत चहासुद्धा करत नाही," तो म्हणाला. पण बघत होता माझ्याकडे… असा, की मी उगाचच आल्बमची पानं उलटत राहिले.

मागच्या टेबलावरून साहेब सगळं ऐकत होते.

शनिवारी मी माझा कप आणि डबा पिशवीत भरून खाली उतरले. पायऱ्यांवर तो उभा होता. गणवेशात, धापा टाकत.

"सकाळी चिठ्ठ्या निघाल्या! पुढच्या महिन्यात नऊ दिवस. दादा तेव्हाच उतरतोय, सहा दिवस जुळतात. घरपण बघितलं. चार खोल्या, मोठं स्वयंपाकघर. एक खोली… जास्तीची आहे. तुम्हाला सुट्टी मिळेल?"

"मिळाली की! आजपासून कायमची."

त्याचा चेहरा उतरला. "आमच्यामुळे?"

"मी खरं बोलले त्यामुळे. वाईट वाटतंय, मगाशी रडूही आलं… पण पुन्हा विचारलंत तर तेच सांगेन." मग मीच धीर केला. "आणि तुमच्याकडे येऊ ती काय म्हणून? काकूंची सल्लागार म्हणून?"

"आईला विचारून सांगतो—" पेटलेल्या इमारतीला शिडी लावणारा हा माणूस बुटांकडे बघत पुटपुटला. मग त्यानं मान वर केली. "नाही… आईला कशाला? मीच सांगतो. तुम्ही मला आवडता. घर बघायला गेलो तर प्रत्येक खोलीत तुम्हीच दिसत होतात."

माझ्या खांद्यावरची पिशवी घसरली. ती त्यानं अलगद धरली आणि परत काही दिली नाही.

"मलाही आवडता तुम्ही," मी म्हणाले. "पण माझ्या घरी विचारावं लागेल. तुम्हीच येऊन विचारा."

"येतो ना! कधी येऊ?"

"आत्ताच चला," मी म्हणाले. "गणवेश अंगावर आहे तोवर."