टाच खाली, उडी कमी

हे गौडबंगाल काही केल्या केतकीला उमगेना. पायरीच्या काठावर उभी राहून ती सकाळपासून टाच खाली ताणत होती. टाच आता चांगली बोटभर जास्त उतरत होती, मग उडी का कमी पडावी? संध्याकाळी जिल्ह्याच्या खो-खो संघाची निवड आणि पायांनी असा दगा दिलेला! बिचारीचे डोळे भरून आले.

"अगं, ताणतेस किती? पुरे की!" खांबोबा म्हणाला. खांबोबा म्हणजे मैदानावर खांब रोवणारा जुना यंत्रमानव. बोलण्यात मात्र सगळ्यांच्या पुढे.

"ताणलं की पाय मोकळा होतो."

"थोडं ताणलं की होतो. बस इथे."

त्याने तिच्या टाचेवर निळा प्रकाश टाकला. भिंतीवर पायाच्या आतलं चित्र उमटलं.

"ही तुझी कंडरा (पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडणारा चिवट पट्टा). यातले तंतू सैल असताना नागमोडी असतात. ताण आला की आधी सरळ होतात, मग लांबतात आणि सोडले की आखडतात. त्या आखडण्यातून उडीला जोर मिळतो. पण सारखं ताणलंस तर तंतूंमधलं पाणी थोडं बाहेर पडतं, तंतू किंचित घसरतात आणि पट्टा सैलसर होतो."

"जुन्या इलॅस्टिकसारखा? मग मी संपलेच!"

"वेडी कुठली! कंडरा जिवंत असते. विसावा दिलास की पाणी परत शिरतं, तंतू जागेवर येतात. बारीक चिरा पडल्या तर पेशी त्या सांधतात, पण त्याला बरेच दिवस लागतात. म्हणून दुखलं तर खेळायचंच नाही. दुखतंय?"

"नाही. नुसता जोर नाहीये."

खांबोबाने आपला लोंबकळणारा डावा हात दाखवला. "आमची तार एकदा सैल झाली की झाली. कितीही बसून राहिलो तरी तशीच." केतकीला त्याचं फार वाईट वाटलं.

पळायला पहिल्या तुकडीत उतरणं म्हणजे मोठा मान. केतकीने तो आजवर कुणाला दिला नव्हता. संध्याकाळी ती संघ निवडणाऱ्या साळुंखेबाईंना म्हणाली, "बाई, मला आज शेवटच्या तुकडीत घ्या."

"घाबरली गं!" मुली हसल्या. केतकी पाय सैल सोडून विसावा घेत बसली.

तिची पाळी आली. पाठलाग करणारीचा हात पाठीला लागणार, तोच केतकीने पाय रोवून उडी घेतली. हात हवेतच राहिला!

बाईंनी संघासाठी तिचं नाव पुकारलं, तशी ती धावली ती थेट खांबोबाकडे. "मोठी झाले ना, की तुझ्यासाठी जिवंत तार बनवीन. विसावा घेतला की बरी होणारी."

"बनव हो," खांबोबा म्हणाला. "पण मधूनमधून बसत जा."